गोलाचं वजन

ज्या सामन्यात आपण स्वतः खेळलो, त्याची हकीकत दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या तोंडून फोनवर ऐकायची, हे गेली दोन वर्षं दिलीप घागरेच्या नशिबी आलं होतं. फोन छायाचा, म्हणजे बायकोचा असे. तिचे हात कणकेत असल्यामुळे तो ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला असे. पलीकडून सावरगावहून केसरबाई बोलत. त्यांचा आवाज असा खणखणीत होता, की दिलीप न्हाणीघरात गेला आणि वरून नळ सोडला तरी एकही शब्द सुटत नसे.

विषय ठरलेला. धाकट्या जावयाने, म्हणजे छायाची धाकटी बहीण धनश्री हिच्या नवऱ्याने, काल किती गोल मारले. हा अक्षय दिलीपच्याच गावात, सौंसरमध्ये, ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवायचा आणि सौंसरच्या क्लबकडून आघाडीला खेळायचा. दिलीपही त्याच क्लबात होता, पण मागे, उजव्या बाजूच्या बचावाला. गोल मारणं हे त्याचं काम नव्हतं. गोल होऊ न देणं हे त्याचं काम होतं, आणि झालेला गोल सगळ्यांना दिसतो, न झालेला कोणाला दिसत नाही.

त्या दिवशी केसरबाईंनी मोहगावच्या संघाविरुद्ध अक्षयने मारलेले चारही गोल हातवारे करून सांगितले असावेत, कारण मध्येच त्यांच्या हातातलं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग त्यांना आठवण झाली.

"अन् काव छाया, जवाईबापूबी होते ना तिथी?"

दिलीप टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. छायाने त्याच्याकडे पाहिलं आणि होते म्हणून सांगितलं. "हो का," केसरबाई म्हणाल्या. "दिसले नाई फोटोत."

ऑफिसला जाताना त्याने स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाणली. फोटोचं एक सोडा. संक्रांतीला सासुरवाडीला गेलं की अक्षयभोवती गल्लीतली पोरं जमायची. सासूबाई शेजारणींना बोलावून "हे आमचे गोलवाले" अशी ओळख करून द्यायच्या आणि मग दिलीपकडे हात करून "अन् हे मोठे" म्हणायच्या. मोठे म्हणजे काय, हे त्या कधी पुढे सांगत नसत.

दिलीप तहसील कचेरीत सांख्यिकी शाखेत होता. कापसाचा पेरा किती, संत्र्याचं उत्पादन किती, कोणत्या गावात विहिरी किती, हे मोजण्यात त्याची पंधराएक वर्षं गेली होती. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हा त्याचा धर्म होता. आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता त्याच्या मनात आलं, की सगळं जग अक्षयचे गोल मोजतं, पण त्या गोलांनी नेमकं झालं काय, हे कोणी मोजलंय का?

मोहगावविरुद्ध अक्षयने चार गोल मारले खरे. पण त्याने पहिला मारला तेव्हा सौंसर आधीच तीन गोलांनी पुढे होतं. मोहगावचा गोलरक्षक तोवर खांबाला टेकून कोणाशी तरी गप्पा मारत होता. ते चार गोल झाले नसते तरी सौंसर जिंकलंच असतं. मग त्यांची किंमत काय?

डबा तसाच राहिला. वर्षभरातल्या सगळ्या सामन्यांचे गोल क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. कितव्या मिनिटाला झाला, कोणी मारला, तेव्हा कोण किती पुढे होतं, सगळं. दिलीपने ते उतरवून काढलं. हिशेब सोपा होता. गोल होण्याआधी संघ जिंकायची शक्यता किती होती आणि गोल झाल्यावर किती झाली, या दोहोंतला फरक म्हणजे त्या गोलाचं महत्त्व. तीन गोलांनी पुढे असताना मारलेला चौथा म्हणजे जवळजवळ शून्य. चार गोलांनी मागे असताना मारलेला तोही शून्य. पण बरोबरी असताना, शिट्टी व्हायला थोडाच वेळ उरलेला असताना मारलेला गोल, तो खरा गोल.

संध्याकाळी निकाल हातात आला तेव्हा त्याला असं वाटलं, की घरी जाताना आपण काहीतरी गोड घेऊन जावं. संघात सर्वांत जास्त गोल अक्षयचे होते, पण महत्त्वाच्या हिशेबात तो थेट सहाव्या नंबरावर घसरला होता. पहिला नंबर लागला सुमेधचा. हा मधल्या फळीतला अबोल मुलगा. त्याने वर्षभरात एकच गोल केला होता आणि तोही चेंडू डोक्याला लागून. पण बरोबरी असताना, अगदी शेवटी.

छायाने जिलबी खात सगळं ऐकून घेतलं. तिला पटलंही. मग तिने विचारलं, "अन् तुमचे किती निघाले?"

बचावाचं मोजमाप करायची पद्धत अजून निघालेली नाही, असं दिलीपने सांगितलं.

"असं होय," छाया म्हणाली, आणि तिने डबा झाकून ठेवला.

क्लबचे व्यवस्थापक गुलाब बनसोड हे सगळ्यांचे काका. दिलीपने त्यांना हिशेब दाखवला तो फक्त माहितीसाठी, आपल्यातच राहू द्या म्हणून. म्हणजे तो दोन दिवसांत गावभर होईल अशी त्याची खात्री होती. पण काका जास्तच भारावले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सरावाआधी सगळ्यांना गोल बसवलं आणि हिशेब वाचून दाखवला. शक्यता, टक्के वगैरे मंडळींच्या डोक्यावरून जातंय हे पाहून त्यांनी तिथल्या तिथे त्याचं भाषांतर केलं. शंभर टक्के म्हणजे एक किलो धरा. सुमेधचा एकच गोल भरला पाऊण किलो. अक्षयचे मोहगावचे चारही मिळून एक छटाक.

संत्र्याच्या गावात हे सगळ्यांना लगेच कळलं. दिलीप बुटाची नाडी बांधत खाली मान घालून बसला होता, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो अक्षयच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तो चेहरा पडायला हवा होता. अक्षय मात्र उठून त्याच्या शेजारी येऊन बसला.

"मतलब भाऊजी, बरोबरी असतानी, अन् टाइम संपत आला असतानी मारला, तर सगळ्यात जड?"

"हो," दिलीप म्हणाला.

"संत्र्यासारखंच झालं हे. सगळ्याचा माल आला का भाव पडते. थांबून नेला का भेटते." अक्षय थोडा वेळ विचार करत राहिला. मग त्याने दिलीपच्या खांद्यावर हात ठेवला. "लय चांगलं काम केलं तुमी. आजवर मी फुकटच पळून राहिलो होतो."

पुढच्या रविवारपासून अक्षयचं फुकट पळणं बंद झालं. सामना सुरू झाला, की तो मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहू लागला. पायात चेंडू आला तर तो मागे द्यायचा. रिकाम्या गोलासमोर मिळाला तर त्याला पाहून न पाहिल्यासारखं करायचा. सौंसर एका गोलाने पुढे असलं, की दुसरा मारायचा तर प्रश्नच नव्हता, कारण दुसऱ्याला वजन नाही. उलट समोरच्याने एक मारून बरोबरी केली तर बरं, म्हणजे पुढचा पुन्हा जड होईल. आघाडीचे बाकी दोघेही हेच करू लागले.

परिणाम असा झाला, की समोरच्या संघाचे सगळेच्या सगळे गडी सौंसरच्या अर्ध्या भागात येऊन राहिले आणि त्यांना अडवायला उरले दिलीप आणि त्याच्यासारखे मागचे चौघे. दिलीपच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. त्याची दोन किलो चरबी झडली. जीव तोडून अडवूनही शेवटी एखादा गोल व्हायचाच, बरोबरी व्हायची, प्रेक्षक मुठी आवळून उभे राहायचे, आणि मग इतका वेळ ताजातवाना उभा असलेला अक्षय वाऱ्यासारखा सुटून विजयाचा गोल मारायचा. लोक त्याला खांद्यावर घ्यायचे.

असं सलग तीन रविवार झालं. सासूबाईंचे फोन लांबले. पूर्वी अक्षय नुसते गोल मारायचा, आता तो संघाला मरणाच्या दारातून परत आणायचा. मरणाच्या दारापर्यंत नेऊन कोण ठेवतं, हे दिलीपने छायाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत म्हणाली की समजलं, पण आईला सांगायला जाऊ नका.

महिनाअखेर गुलाबकाकांनी नवीन वजनं वाचली. अक्षय पहिला. दुसऱ्याच्या तो इतका पुढे होता, की काकांनी दुसऱ्याचं नाव वाचायचं सोडून दिलं. दिलीपने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की ही पोरं जिंकायला नाही, वजनाला खेळताहेत, हा हिशेब आता बंद करा. काकांना वाईट वाटलं.

"तुमच्याच हिशेबानं खेळून राहिले ना भाऊ पोट्टे," ते म्हणाले. "अन् जिंकूनबी राहिले."



वर्षभराच्या स्पर्धेचा अंतिम सामना पांढुर्ण्यात, पांढुर्ण्याच्याच संघाशी ठरला. पांढुर्णा आणि पलीकडच्या काठावरचं सावरगाव ही दोन गावं वर्षातून एक दिवस परंपरा म्हणून जाम नदीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना गोटे मारतात, पण फुटबॉलचा संघ त्यांचा एकच. त्या संघाचा गोलरक्षक होता रोहित, केसरबाईंचा एकुलता एक मुलगा, दोन्ही जावयांचा मेहुणा. म्हणजे सामना तसा घरातच होता. केसरबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन दुपारीच आल्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसल्या. छाया आणि धनश्री त्यांच्या दोन बाजूंना होत्या.

दिलीपने सौंसरहून येताना वाटभर एकच विचार केला होता. आज शेवटचा सामना. आजचा जड गोल हा वर्षातला सर्वांत जड गोल. तोही अक्षय मारणार, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत, आणि मग पुढची दहा वर्षं सणावाराला आपण "अन् हे मोठे" म्हणून भिंतीला टेकून बसणार.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात काहीतरी विचित्र चाललंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या अंगावर कोणी येतच नव्हतं. अक्षय तिकडे मध्यावर कमरेवर हात ठेवून उभा होता हे ठीक, पण पांढुर्ण्याचे आघाडीचे गडीही कमरेवर हात ठेवून उभे होते. चेंडू मधल्यामध्ये इकडून तिकडे फिरत होता. कोणी मारेना. पहिला अर्धा भाग असाच गेला. मध्यंतरात दिलीपने रोहितला गाठून विचारलं.

"वजन, भाऊजी," रोहित म्हणाला. "छायाताईनं सांगतलं ना फोनवर. आमचेबी पोट्टे थांबून राहिले आता."

दुसऱ्या भागात प्रेक्षकांनी आधी शिव्या दिल्या, मग आलुबोंडे आणले, मग मैदानाकडे पाठ करून गप्पा सुरू केल्या. केसरबाईंना डुलकी लागली. पंचांनी दोनदा घड्याळ कानाला लावून पाहिलं.

आणि मग वेळ संपत आली. कोणी तरी टाळी वाजवल्यासारखे दोन्हीकडचे आघाडीवाले एकदम जागे झाले. इतका वेळ साठवलेला दम सगळ्यांनी एकाच वेळी बाहेर काढला. मैदानात धुळीचा लोट उठला. लोक आलुबोंडे टाकून उभे राहिले, केसरबाईंना धनश्रीने हलवून उठवलं. सौंसरला कोपऱ्यातून मारायला चेंडू मिळाला, तेव्हा दिलीपने आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. आपली जागा सोडली आणि तो सरळ पांढुर्ण्याच्या गोलासमोर जाऊन उभा राहिला. गुलाबकाका बाहेरून ओरडत होते, ते त्याला ऐकू आलं आणि त्याने ऐकलं नाही. त्याच्या डोक्यात एकच आकडा होता. आत्ता मारला तर किलोच्या घरात.

कोपऱ्यातून आलेला चेंडू पांढुर्ण्याच्या बचावाने उडवून लावला. सगळे त्याच्यामागे धावले, दिलीप मात्र गोलाशेजारीच राहिला. दूरवर चेंडू अक्षयच्या पायात आला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. रोहित गोल सोडून पुढे झेपावला, त्यालाही चकवलं, आणि जमिनीवर पडलेल्या मेहुण्याच्या बाजूने त्याने चेंडू हलकेच, अगदी निवांत, रिकाम्या गोलाकडे ढकलला.

चेंडू गडगडत येत होता. अडवणारं कोणी नव्हतं. तो गोलात जाणार हे मैदानातल्या प्रत्येकाला कळलं होतं. तो दिलीपच्या पायाशेजारून जाणार होता आणि दिलीपला फक्त त्याच्याकडे पाहत उभं राहायचं होतं.

पण त्याला पलीकडे खुर्च्यांवर उभ्या राहिलेल्या सासूबाई दिसल्या. अक्षय दोन्ही हात वर करून आधीच त्यांच्याकडे वळला होता, तोही दिसला. किलोभर गोल त्याच्या पायावरून चालला होता. आणि गोलरेषेला हातभर अंतर उरलं असताना दिलीपने पाय पुढे करून चेंडूला टोचा दिला.

चेंडू जाळीत गेला. त्याच्यामागोमाग दिलीपही गेला. जाळीतून तोंड सोडवून त्याने वर पाहिलं, तेव्हा रेषेवरच्या पंचांनी झेंडा वर केलेला होता. ऑफसाइड. अक्षयने चेंडू मारला तेव्हा समोरच्या संघाचा एकही गडी दिलीपच्या पुढे नव्हता. तिथे नुसतं उभं राहणं गुन्हा नव्हता. चेंडूला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, तो उभा राहिला असता तर गोल झाला होता. त्याने पाय लावला आणि गोल रद्द झाला.

सौंसरचे गडी डोक्याला हात लावून उभे असतानाच रोहितने उठून चेंडू जागेवर ठेवला आणि लांब मारला. तो गेला सौंसरच्या उजव्या बाजूला. ती जागा दिलीपची. तिथे कोणी नव्हतं. दिलीपने जाळीजवळून धावायला सुरुवात केली, पण तो मध्यावर पोचेपर्यंत पांढुर्ण्याने गोल मारला होता आणि शिट्टी वाजली होती.

  सुमेधने त्याला पाण्याची बाटली दिली आणि तोंड फिरवलं. दिलीपचा विचार होता, की गुपचूप बसस्टँड गाठावा आणि सौंसरची पहिली बस पकडावी. पण खुर्च्यांकडून केसरबाई येताना दिसल्या. मागे गल्लीतल्या सगळ्या बायका. त्याने मान खाली घातली.

केसरबाईंनी भर मैदानात त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली.

"जवाईबापू, माह्या रोहितची लाज राखली तुमी," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "याच्या गावात, याच्या माणसासमोर पोट्टा हरत होता. तुमी आडवे झाले."

दिलीपने तोंड उघडलं. छायाने मागून त्याचा शर्ट ओढला. त्याने तोंड मिटलं.

पुढचं सगळं स्वप्नासारखं झालं. पूल ओलांडून सावरगावात शिरताना पोरं त्याच्यापुढे नाचत होती. घरी पाट मांडला होता. सासूबाईंनी त्याला ओवाळलं, कपाळाला हा मोठा टिळा लावला, शेजारणींना बोलावून सांगितलं की हेच ते, घरासाठी आपला संघ सोडणारे. रोहित त्याच्या पाया पडला. दिलीपला सासुरवाडीच्या एवढ्या वर्षांत कोणी चहात साखर किती म्हणून विचारलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी तिघांनी विचारलं.

अक्षय ओसरीवर एकटा बूट सोडत बसला होता. दिलीपला त्याच्याजवळ जाण्याचं धैर्य होत नव्हतं, पण शेवटी तो गेला आणि शेजारी बसला. माफी कशी मागावी हे सुचेना.

अक्षयच बोलला. "माह्या गोलासाठी आईनं मले कधी ओवाळलं नाई, भाऊजी."

"अरे, पण फोनवर तुझंच कौतुक असते रोज."

"तुमच्या इथी असते. आमच्या इथी फोन आला का तुमचं असते." त्याने मोजा काढून झटकला. "मोठे जवाई तहसीलात. मोठ्या जवायाची कागदावर सई चालते. मोठे जवाई कसे शांत. लग्न झाल्यापासून हेच ऐकून राहिलो मी. म्हणून तर फुटबॉल चालू केला. नाई तर नळ्या विकणाऱ्याले कोण विचारते या घरात?"

 दिलीपला अक्षयची दया आली, हे खरं. पण त्याहून जास्त त्याला हळहळ वाटली, की इतकी वर्षं कोणीतरी आपला हेवा करत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता. कळलं असतं तर किती सुखाने झोपलो असतो.

तेवढ्यात पांढुर्णा क्लबचे अध्यक्ष पेढे घेऊन आले. केसरबाई, रोहित, बायका, सगळे ओसरीवर जमले. अध्यक्षांनी आधी अक्षयचा हात हातात घेतला. सासुरवाडी इथली आहे, तर पुढच्या वर्षी आमच्याकडून खेळा, असं त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. अक्षयचा चेहरा उजळला. दिलीपला लगेच संक्रांतीची ती गल्लीतली पोरं आठवली.

मग अध्यक्ष त्याच्याकडे वळले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"अन् भाऊ, तुमी मात्र सौंसर सोडू नका," ते कळवळून म्हणाले. "काई झालं तरी तिथीच राहा."

 रोहितने खोकल्यासारखं करून तोंड फिरवलं. केसरबाईंनी मात्र अभिमानाने शेजारणींकडे पाहिलं.

"पाहा बाई," त्या म्हणाल्या. "लहान्याले नुसतं बोलावलं. मोठ्याचे तर दोन्ही हात धरून राहिले."

दिलीपने अध्यक्षांना राहतो म्हणून शब्द दिला आणि पेढा उचलला. समोर अक्षयचा चेहरा पुन्हा उतरला होता.